रोलप्लेइंग गेमच्या टेबलावरची कौशल्यं मार्केटिंगच्या कामात कशी आणायची

दोन आठवडे खपून मी आमच्या खेळाच्या कथेसाठी कागदावर एक मनोरा उभा केला होता. सात मजले, प्रत्येक मजल्यावर वेगळं कोडं, सर्वांत वर कैदेत पडलेला ज्योतिषी. खेळाच्या रात्री चारही खेळाडू नदीकाठी आले, पलीकडे जायला नावेत बसले आणि त्यांच्यातल्या एकीने नावाड्याला विचारलं, "तुझा उजवा हात कशाने भाजला?" भाजलेला हात मी बोलण्याच्या ओघात टाकलेला तपशील होता, त्यामागे काही योजलेलं नव्हतं. पण चौघांची नजर त्या हातावरून हलेना. पुढचे तीन तास नावाडी, त्याचं जळलेलं घर आणि ती आग कोणी लावली याच शोधात गेले. मनोऱ्याकडे कोणी फिरकलं नाही. त्या गटातल्या कोणालाही आज विचारलं तर आठवतो तो नावाडीच.

त्याच महिन्यात ऑफिसात एका सॉफ्टवेअरचं लँडिंग पेज, म्हणजे जाहिरातीवरून आलेला माणूस पहिल्यांदा उतरतो ते पान, सुरू झालं होतं. वर ठसठशीत बटण, मधोमध व्हिडिओ, खाली ग्राहकांचे अभिप्राय. लोक कुठे क्लिक करतात याचा अहवाल उघडला, तर बरेच जण पानाच्या तळाशी जाऊन 'सदस्यत्व कधीही रद्द करता येतं' या बारीक ओळीवर क्लिक करत होते. ती लिंक नव्हतीच, साधा मजकूर होता. बैठकीत व्हिडिओ बदलायचा की बटणाचा रंग, यावर खल चालला होता आणि मला नावाड्याचा हात दिसत होता. ती ओळ आम्ही बटणाच्या शेजारी आणली, रद्द कसं करायचं ते तीन वाक्यांत लिहिलं. नोंदण्या वाढल्या.

मी मार्केटिंगमध्ये काम करते, आणि त्याच्या आधीपासून गेम मास्टर म्हणून खेळ चालवते. या दोन्हींचं नातं लोक सहसा 'गोष्ट रंगवून सांगता येते' एवढ्यावर संपवतात. माझ्या मते टेबलावर मिळणारं खरं शिक्षण त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं आहे. तयारी आपण करायची, निर्णय समोरच्यावर सोडायचा, आणि त्याने काय केलं ते नीट बघून आपली पुढची चाल ठरवायची. ज्याच्या अंगी हे मुरलंय, त्याच्याकडे मार्केटिंगचं मोठं भांडवल आहे. ते ओळखायचं आणि कामाला लावायचं कसं, ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक गेम मास्टर. तो जग, त्यातली माणसं आणि संकटं मांडतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते पात्र काय करेल ते सांगतात. जिथे निकाल सांगता येत नाही तिथे फासे टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत विक्रीला आला आणि तिथून या प्रकाराची सुरुवात मानली जाते. त्याची मुळं युद्धाच्या पटावरच्या खेळांत आहेत. म्हणूनच महिनोन्‌महिने चालणाऱ्या कथेला 'कॅम्पेन' म्हणतात, आणि मार्केटिंगमधलं 'कॅम्पेन'ही रणांगणावरूनच आलेलं आहे. आपला 'मोहीम' हा शब्द दोन्हीकडे चपखल बसतो. मला तो जास्त जवळचा वाटतो, कारण मोहीम म्हटली की निघण्याआधी रसद, वाटा आणि परतीचा रस्ता यांचा विचार आपोआप येतो.

१. टेबलावर काय करता, त्याची क्रियापदं लिहा

'मी गेम मास्टर आहे', 'मी नेहमी जादूगार घेतो' असं लिहून काही हाती लागत नाही. कागदावर फक्त क्रिया लिहा. पाच जणांच्या वेळा जुळवल्या. नवख्या खेळाडूला वीस मिनिटांत नियम समजावले. जाडजूड नियमपुस्तकातून आज लागणारी दोन पानं काढून दिली. मागच्या सत्रात काय घडलं ते लिहून सगळ्यांना पाठवलं. दोघांची जुंपली तेव्हा खेळ थांबवून वाद सोडवला. बाजूला पडलेल्या खेळाडूला बोलतं केलं.

आता त्यातल्या कोणत्या कामासाठी गटातले लोक आपणहून तुमच्याकडे येतात, त्यावर खूण करा. ही खूण महत्त्वाची, कारण मार्केटिंग हे एकच काम नाही. अवघड नियम सोपे करून सांगणाऱ्याला उत्पादनाची बाजू मांडण्याचं काम मानवतं. सारांश लिहिणाऱ्याची जागा मजकुरात. हल्ला करण्याआधी मनातल्या मनात शक्यता मोजणारा जाहिरातींच्या आकड्यांत रमतो. माणसं जमवणारा आणि टिकवणारा कार्यक्रमांत, ग्राहकांचा समुदाय सांभाळण्यात किंवा क्लायंटशी संबंध राखण्यात उठून दिसतो. नोकरी शोधण्याआधी ही खूण कुठे पडते ते बघितलंत, तर बऱ्याच चुकीच्या अर्जांचा त्रास वाचतो.

२. ग्राहकाच्या वर्णनपत्राऐवजी परकायाप्रवेश करा

मार्केटिंगमध्ये 'पर्सोना' नावाची वस्तू सर्रास वापरतात: एका कल्पित ग्राहकाचं एक पानी वर्णन. ॲलन कूपर यांनी सॉफ्टवेअरच्या रचनेसाठी ही पद्धत रूढ केली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. आज जे पर्सोना माझ्यासमोर येतात त्यातल्या बहुतेकांत वय, हुद्दा, उत्पन्न आणि एक हसरा फोटो असतो. खेळणाऱ्याला हे बघताच कळतं की ही नुसती आकड्यांची पाटी आहे. ताकद १४, चपळाई ११ एवढ्यावर पात्र उभं राहत नाही. त्याला काय हवंय, तो कशाला घाबरतो आणि काही झालं तरी काय करणार नाही, हे कळल्यावरच ते बोलायला लागतं.

तेव्हा पर्सोनाच्या पानावर या तीन ओळी वाढवा आणि मग ते पात्र खरोखर वठवा. एकाने ग्राहक व्हायचं, 'तो म्हणेल' असं न बोलता 'मी' म्हणून बोलायचं. बाकीच्यांनी वीस मिनिटं प्रश्न विचारायचे आणि आपलं पान, जाहिरात किंवा ईमेल त्याच्यापुढे ठेवायची.

दवाखान्यांतल्या वेळा ठरवून देणाऱ्या एका सॉफ्टवेअरसाठी आम्ही हे केलं. मी दंतवैद्याच्या दवाखान्यातली स्वागतिका झाले. माझ्यासमोर मथळा आला: 'तुमचं वेळापत्रक आमच्यावर सोपवा'. खुर्चीत बसल्याबसल्या माझ्या तोंडून निघालं, "मग मी काय करू?" खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. डॉक्टरांना दिलासा वाटावा म्हणून लिहिलेलं वाक्य, रोज ते सॉफ्टवेअर वापरणार होती तिला नोकरी जाण्याची धास्ती देत होतं. आणि विकत घ्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टर तिलाच विचारणार होते. नवा मथळा झाला: 'फोन वाजत असतानाही पुढची वेळ दोन क्लिकमध्ये'. आता ते तिच्या हातातलं हत्यार झालं.

एक पथ्य मात्र पाळा. खऱ्या ग्राहकांशी बोलल्याशिवाय हा प्रयोग करू नका. त्या भूमिकेत मला ते वाक्य सुचलं, कारण आदल्या आठवड्यात मी तीन स्वागतिकांशी फोनवर बोलले होते. तेवढं केलं नसतं तर मी माझ्याच समजुतींना आवाज दिला असता. परकायाप्रवेश करायचा तर आधी ती काया पाहिलेली हवी.

याच कौशल्याचा दुसरा उपयोग ब्रँडचा आवाज ठरवताना होतो. गेम मास्टर एका रात्रीत दहा पात्रांच्या आवाजात बोलतो आणि दोन महिन्यांनी तोच सराईवाला परत भेटला तर तो तसाच बोलायला हवा. त्यासाठी अनुभवी माणसं लांबलचक वर्णन लिहून ठेवत नाहीत. एक इच्छा, एक सवय आणि एक असा शब्द जो ते पात्र कधीच वापरणार नाही, एवढंच टिपतात. ब्रँडसाठीही या तीन ओळींनी सुरुवात करा. चाळीस पानी नियमावलीपेक्षा त्या लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहतात.

३. काम सुरू होण्याआधी शून्यावं सत्र घ्या

जाणते गट पहिल्या खेळाआधी एक बैठक घेतात, तिला 'सेशन झीरो' म्हणतात. त्यात फासे पडत नाहीत. आपल्याला कशा प्रकारची गोष्ट हवी आहे, किती वेळ देता येईल, कोणते विषय टेबलावर अजिबात नकोत, कोणी आला नाही तर काय करायचं, हे बोलून ठरतं. ज्या गटांनी ही बैठक टाळली ते चौथ्या-पाचव्या सत्रात फुटलेले मी पाहिलेत. एकाला राजकारण हवं असतं, दुसऱ्याला लढाई, आणि दोघांनाही वाटत असतं की समोरचा खेळ बिघडवतोय.

मार्केटिंगमधलं ब्रीफ, म्हणजे काम काय आणि कशासाठी ते सुरुवातीला सांगणं, हे खरं तर असंच सत्र असायला हवं, पण बहुतेक वेळा तो एकीकडून दुसरीकडे पाठवलेला फॉर्म असतो. पुढच्या कामाच्या वेळी तासभर मागून घ्या आणि मोजके प्रश्न विचारा. ही मोहीम यशस्वी झाली हे आपल्याला कोणत्या एका आकड्यावरून कळेल? काय अजिबात बोलायचं नाही: कोणते दावे, कोणते विनोद, कोणत्या स्पर्धकाचा उल्लेख? दोघांचं मत वेगळं पडलं तर शेवटचा शब्द कोणाचा? आणि मधेच कोणी हे थांबवू शकतं का, कसं?

शेवटचा प्रश्न बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही. मी एका ठिकाणी तो न विचारण्याची किंमत मोजली. तीन आठवड्यांचं काम पूर्ण झाल्यावर तोवर एकाही बैठकीला न आलेल्या वरिष्ठांनी पहिल्यांदा मजकूर वाचला आणि सगळंच नव्याने करायला लागलं. चूक त्यांची नव्हती. त्यांना टेबलावर बोलवायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून शून्याव्या सत्रात मी नावं लिहून घेते, आणि नावासमोर त्या व्यक्तीने कोणत्या टप्प्यावर काय बघायचं तेही.

४. कथानक लिहू नका, परिस्थिती मांडा

मनोऱ्याने मला शिकवलं ते हेच. खेळाडू आधी हे करतील, मग ते, मग इथे पोचतील, असं लिहून ठेवलं की त्यांना ओढत न्यावं लागतं, आणि ओढलं जातंय हे त्यांना लगेच कळतं. मी आता प्रसंग लिहीत नाही. कोणाला काय हवंय, कोणाकडे काय आहे, आणि कोणी काहीच केलं नाही तर तीन दिवसांनी काय होईल, एवढं लिहिते. मग खेळाडू कुठल्याही बाजूने आले तरी जग उत्तर देऊ शकतं.

मोहिमेचा आराखडाही सहसा कथानकासारखा काढला जातो: जाहिरात बघेल, पानावर येईल, ईमेल देईल, तिसऱ्या ईमेलनंतर विकत घेईल. माणसं अशी चालत नाहीत. कोणी मैत्रिणीकडून नाव ऐकून थेट किमतीच्या पानावर येतो, कोणी सहा महिन्यांपूर्वीची ईमेल आज उघडतो. म्हणून आराखडा काढून झाल्यावर प्रत्येक पानावर, प्रत्येक ईमेलवर बोट ठेवून एकच विचारा: याआधीचं काहीही न पाहिलेला माणूस थेट इथे आला तर त्याला आपण कुठे आहोत आणि पुढे काय करायचं ते कळेल का? जिथे उत्तर 'नाही' येईल तिथे दोन ओळी वाढवा.

रहस्यकथा चालवणाऱ्यांचा एक संकेत इथे फार कामाचा आहे: खेळाडूंना जे कळायलाच हवं, त्याचे निदान तीन धागे तीन वेगळ्या जागी ठेवावेत. एक नजरेतून सुटतो, एकाचा भलताच अर्थ निघतो, म्हणून तिसरा लागतो. पहिल्या महिन्यासाठी कार्डाची माहिती द्यावी लागत नाही, ही गोष्ट तुमच्या विक्रीचा कणा असेल तर ती बटणाशेजारी असू दे, प्रश्नोत्तरांत असू दे आणि स्वागताच्या ईमेलमध्येही असू दे. फक्त तिन्ही ठिकाणी तेच वाक्य चिकटवू नका. बटणाशेजारी चार शब्द पुरतात. प्रश्नोत्तरांत महिना संपल्यावर नेमकं काय होतं ते सांगावं लागतं.

आणि निघण्याआधी खेळाडूंची एक सवय उसनी घ्या. बंद दारापुढे उभे राहिलेले खेळाडू पंधरा मिनिटं फक्त काय काय बिघडू शकतं यावर बोलतात. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेलं 'प्रीमॉर्टेम' याच वळणाचं आहे: मोहीम फसली असं धरून चालायचं आणि का फसली ते प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं. एरवी गप्प बसणारी माणसं इथे सर्वांत उपयोगी गोष्टी लिहितात.

५. दान पडण्याआधी शक्यता मोजा

माझ्या मते टेबलाने दिलेली सर्वांत मोलाची देणगी ही आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. फासे टाकत वाढलेल्या माणसाला योगायोग ओळखीचा असतो.

वीस बाजूंच्या फाशावर २० पडण्याची शक्यता ५ टक्के. नवख्याला वाटतं, वीस वेळा टाकला की एकदा तरी २० पडणारच. प्रत्यक्षात वीस वेळा टाकूनही एकदाही २० न पडण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के आहे. आता हेच ईमेलला लावा. तुमच्या प्रस्तावाला १०० पैकी २ लोक उत्तर देतात असं धरू. पन्नास जणांना पाठवलात आणि एकही उत्तर आलं नाही, तर प्रस्ताव वाईट आहे का? अशी कोरी पाटी पडण्याची शक्यताही साधारण ३६ टक्केच आहे. एवढ्यावर मजकूर फाडून नवा लिहायला बसणं म्हणजे तीनदा फासा टाकून तो खोटा ठरवणं.

दोन पानांची तुलना करतानाही हेच. जुन्या पानावरून ३ नोंदण्या, नव्यावरून ६, भेट देणारे दोन्हीकडे सारखेच. बैठकीत लगेच कोणीतरी म्हणतं, "नवं पान दुप्पट चालतंय!" नऊ वेळा नाणं उडवून बघा. ६–३ किंवा त्याहून एकतर्फी निकाल निम्म्याहून किंचित जास्त वेळा येतो. म्हणजे दोन्ही पानं अगदी सारखी असती तरी असा फरक दिसणं ही रोजची गोष्ट आहे. हे मी बैठकीत नाणं उडवूनच दाखवते. सूत्रापेक्षा ते पटकन पटतं. मग किती भेटी झाल्यावर निकाल वाचायचा ते आधीच ठरवून लिहून ठेवायचं आणि तोवर आकड्यांकडे बघून निर्णय बदलायचा नाही.

दुसरी गोष्ट निकालाच्या पायऱ्यांची. २०१० साली आलेल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळात सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. बेरीज १० किंवा वर गेली की काम फत्ते, ७ ते ९ आली की काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, ६ किंवा खाली आली की गेम मास्टर संकट पुढे आणतो. पात्राच्या गुणांची भर धरली नाही तर ३६ शक्यतांपैकी निर्भेळ यशाच्या फक्त ६, आणि 'झालं, पण...' या मधल्या निकालाच्या १५. मार्केटिंगमधलं बरंचसं काम या मधल्या खान्यातच पडतं: भेटी आल्या पण चुकीच्या लोकांच्या, विक्री झाली पण सवलतीमुळे. म्हणून मोहीम सुरू करण्याआधी तिन्ही निकाल आकड्यांसकट लिहा आणि प्रत्येकासमोर आपण काय करू तेही. मधल्या खान्याची योजना तयार असलेला माणूस आढावा बैठकीत गोंधळत नाही. दुसऱ्या दिवशी तो कामाला लागलेला असतो.

आणि फासा हातात घेण्याआधी चांगला खेळाडू काय करतो ते आठवा. तो आधी परिस्थिती आपल्या बाजूने झुकवतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या आवृत्तीत अनुकूल परिस्थिती असेल तर वीस बाजूंचे दोन फासे टाकून त्यातला मोठा आकडा घेता येतो. त्याने सरासरी १०.५ वरून १३.८ च्या आसपास जाते. अनोळखी हजार जणांना लिहिण्याआधी, पूर्वी एकदा विचारणा करून गेलेले पन्नास जण कोण आहेत ते शोधा. त्यांना लिहिणं म्हणजे दुसरा फासा मिळवणं.

६. टेबलावर सगळ्यांना बोलतं करा

हे थोडक्यात सांगते, कारण खेळ चालवलेल्या माणसाला ते सहज येतं. खेळाडू वेगवेगळ्या ओढीने येतात: कोणाला लढायचं असतं, कोणाला कोडी सोडवायची असतात, कोणाला नुसतं मित्रांसोबत बसायचं असतं. बैठकीतही विक्रीवाल्यांना या महिन्याचा आकडा दिसत असतो, डिझायनरला पानाचा तोल, कायदेवाल्यांना धोका. प्रत्येकाला त्याच्या ओढीचा प्रश्न, नाव घेऊन विचारा. जो दहा मिनिटं बोललेला नाही त्याच्याकडे वळा. कोणी अनपेक्षित कल्पना मांडली तर आधी 'हो, आणि' म्हणून ती दोन पावलं पुढे नेऊन बघा, मग तपासा. बैठक संपल्यावर काय ठरलं ते त्याच दिवशी लिहून पाठवा, जसं खेळानंतर पाठवता.

७. टेबलावरच्या दोन गोष्टी तिथेच ठेवा

गेम मास्टरसमोर एक पडदा उभा असतो. त्यामागे तो फासे टाकतो, आणि कधी कधी गोष्ट चांगली व्हावी म्हणून पडलेलं दान बदलून सांगतो. हे योग्य की अयोग्य यावर खेळणाऱ्यांत मतभेद आहेत. मी स्वतः सगळ्यांसमोर टाकते. पण कामावर मतभेदाला जागा नाही. अहवालातला आकडा 'थोडा गोल करून' सांगायचा मोह होईल, विशेषतः क्लायंट खूश असताना. तो टाळा. तुमच्या आकड्यावर विसंबून पुढचा माणूस पैसे लावणार असतो.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. टेबलावर आपण लोकांना घाबरवतो, फसवतो, वेळ संपत आल्याची भीती घालतो, आणि त्यांना ते आवडतं, कारण शून्याव्या सत्रात त्यांनी त्याला होकार दिलेला असतो. ग्राहकाने असा होकार दिलेला नाही. दर वेळी पान उघडलं की नव्याने सुरू होणारं उलट्या मोजणीचं घड्याळ, नसलेल्या तुटवड्याची सूचना, रद्द करायचं बटण दडवून ठेवणं, हे सगळं करायचं कौशल्य खेळाने आपल्याला दिलेलं असतं. माणसाला कशाने घाई होते हे आपल्याला माहीत आहे. म्हणूनच ही रेषा आपण इतरांपेक्षा जपून पाळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

८. अर्जात आणि मुलाखतीत कसं सांगायचं

'दहा वर्षं रोलप्लेइंग गेम खेळतो, त्यामुळे सर्जनशीलता आणि संघभावना विकसित झाली' हे वाक्य वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याऐवजी पहिल्या टप्प्यातली क्रियापदं आणि मोजता येणाऱ्या गोष्टी लिहा, अर्थात तुमच्या बाबतीत खऱ्या असतील त्याच: 'सहा प्रौढांचा गट १४ महिने दर पंधरवड्याला एकत्र आणला, ३१ सत्रांची आखणी, लेखी सारांश आणि प्रत्येक सत्रानंतर अभिप्राय घेऊन बदल केले.' इथे खेळाचं नाव एकदा आलं तरी पुरे. ज्याने कधी पाच मोठ्या माणसांच्या तारखा जुळवल्या आहेत, त्याला या वाक्याची किंमत कळते.

मुलाखतीत एकच प्रसंग तयार ठेवा, आणि तो तुमच्या विजयाचा नसला तर उत्तम. मी नावाड्याचा सांगते. माझी योजना कुठे चुकली, लोकांनी काय केलं, मला ते कशावरून कळलं, मी काय बदललं. त्याला जोडून लँडिंग पेजचा सांगते. ऐकणाऱ्याला खेळाचे नियम समजावत बसू नका. 'मी चार जणांसाठी एक कथा चालवत होते' एवढी प्रस्तावना भरपूर झाली.

९. पुढचा खेळ हीच पहिली मोहीम समजा

दाखवायला काम नसेल तर ते या महिन्यात तयार करता येईल. एका बैठकीत संपणारा खेळ ठरवा, पाच जागांचा, आणि पाचही जागा अशा लोकांनी भरायच्या ज्यांनी आजवर फासा हातात धरलेला नाही. ओळखीचे खेळाडू घेतले तर यातून काही शिकायला मिळणार नाही.

एक साधं पान बनवा: हे काय आहे, किती वेळ लागेल, काहीच माहीत नसेल तर चालेल का, नाव कुठे द्यायचं. दोन मथळे लिहा. 'जादू आणि तलवारींच्या जगात चला' हा एक, आणि 'तीन तास, पाच अनोळखी माणसं, एक गोष्ट जी तुम्ही ठरवाल' हा दुसरा. कोणता कोणाला पाठवला आणि किती जणांनी नाव दिलं ते टिपा, आकडे छोटे आहेत हे लक्षात ठेवून. नाव देऊन न आलेल्यांना नंतर प्रेमाने कारण विचारा. आलेल्यांना खेळ संपल्यावर लगेच तीन प्रश्न विचारा: येण्याआधी कशाची धाकधूक होती, कोणत्या क्षणी ती गेली, आणि मित्राला याबद्दल सांगायचं तर काय सांगाल?

उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, तुमच्या भाषेत सुधारू नका. माझ्या एका अशा खेळानंतर एक जण म्हणाला, "मला वाटलं होतं अभिनय करावा लागेल. तू फक्त विचारलंस, आता काय करणार, आणि मी सांगत गेलो." पुढच्या वेळी मी पानाच्या अगदी वर लिहिलं: 'अभिनय यायला हवा असं नाही. तुम्हाला एकच प्रश्न विचारला जाईल: आता काय करणार?'